बशीभर चहा आणि ब्रेकचा ड्रम

आमच्या मिस्त्रीला गाडी चालवता येत नव्हती. शेलूबाजारला हमरस्त्याच्या कडेला त्याचं टपरीवजा गॅरेज होतं, ब्रेकचं काम म्हटलं की कारंजापासून मालेगावपर्यंतचे ड्रायव्हर त्याच्या दारात रांग लावायचे, आणि हा पठ्ठ्या साधी सायकलसुद्धा हातात धरून पायी न्यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "चालवनाराचं ध्यान रस्त्यावर राह्यते बाप्पा. गाडी काय म्हनून राह्यली, थे बाजूले बसनारालेच आयकू येते." हे सांगताना तो असा काही चेहरा करायचा की लायसन काढून आपण घोडचूक केली असं मला वाटायचं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचा सगळा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. मी कारंज्याच्या एका शेटजींच्या पिकअपवर ड्रायव्हर होतो. गाडीला पुढे जीपचं तोंड आणि मागे उघडा हौदा. शेटजी जैन, तूर-हरभऱ्याचे व्यापारी. धोतर पांढरंशुभ्र, आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे ते रागावले आहेत की नाही हे कळायचं नाही आणि माणूस दिवसभर घाबरून राहायचा.

माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या बैलगाड्या हाकल्या. आमच्या बौद्धपुऱ्यात लायसन काढून पगारी नोकरीत स्टिअरिंग धरणारा मी पहिला. गावी गेलो की बाप मला चारचौघांत "डायवरसाहेब" म्हणायचा. चेष्टेनंच म्हणायचा, पण एकदा म्हणून त्याचं भागायचं नाही. ही नोकरी गेली तर कारंज्यातला दुसरा कोणताही व्यापारी मला गाडीजवळ उभं करणार नव्हता, आणि मला परत बापाच्या शेजारी गाडीवर बसून बैलांची शेपटं पिळावी लागली असती.

मिस्त्रीच्या गॅरेजवर एक पाटी होती. पेंटरकडून त्यानं खास रंगवून घेतली होती: "येथे गाड्या दुरुस्त होतात. मालकांचे ऐकून घेतले जाणार नाही." मालक लोक ती वाचून हसायचे. पाच मिनिटांनी हसणं बंद व्हायचं.

गाडीत शिरताना तो चपला बाहेर काढायचा, देवळात शिरावं तसा, आणि आत बसल्या बसल्या गाडीच्या आईबापाचा उद्धार सुरू करायचा. अनवाणी पाय गाडीच्या पत्र्यावर टेकवले की त्याला म्हणे सगळं कळायचं. त्याच्यासमोर "जरासं" हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "मिस्त्री, ब्रेक दाबला का जरासी थरथरते," असं कुणी म्हणालं की तो हातातला पाना खाली ठेवायचा. "जरासा साप चावला, म्हन्ते काय कोनी? चावला म्हन्जे चावला. बरोबर सांग."

आणि त्याची ती बशी. गाडी आली की तो आधी समोरच्या टपरीतून चहा मागवायचा, बशीत काठोकाठ ओतायचा, आणि बशी मालकाच्या हातात द्यायचा. मालक मध्ये, ड्रायव्हर स्टिअरिंगवर, मिस्त्री दाराशी. गाडी मालेगावच्या रस्त्याला लागली, वेगात आली, की हा ओरडायचा, "दाब!" चहा एका अंगाला सांडला तर त्या अंगाचं चाक जास्त धरतंय. सगळा पुढे सांडला तर ब्रेक ठीक, ड्रायव्हर गाढव. आणि उकळी आल्यासारखा जागच्या जागी नाचला, तर ड्रम गोल राहिलेला नाही. निदान झालं की उरलासुरला चहा मिस्त्री स्वतः पिऊन टाकायचा. मालकाच्या मांडीवरचा डाग मालकाचा.

"बशी मालकाच्याच हातात काहून देता?" मी एकदा विचारलं.

"डायवरचा पाय कामात हाय, माहे कान कामात हायेत. रिकामा कोन हाय, तूच सांग."

ड्रम म्हणजे चाकाच्या पोटात बसणारी बिडाची जाड परात. ब्रेक दाबला की आतून शू नावाच्या पट्ट्या तिला घासतात आणि गाडी थांबते. परात गोल असेपर्यंत ठीक. केसभर जरी वाकडी झाली तरी चाकाच्या दर फेऱ्याला पेडल ड्रायव्हरच्या पायाला लाथ मारतं. आमच्या पिकअपचं तेच झालं होतं. ब्रेकवर पाय ठेवला की पेडल धडधड उडायचं, स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि हौद्यातली पोती एकमेकांना धक्के द्यायची. मिस्त्रीकडे मी पहिल्यांदा गेलो तो ह्यासाठी. त्या दिवशी शेटजी बरोबर नव्हते म्हणून बशी मिस्त्रीनं स्वतःच धरली, आणि चहा असा नाचला की त्याची बंडी भिजली. मला फार बरं वाटलं.

त्यानं पुढचं डावं चाक उतरवलं, ड्रम काढला, खांद्यावर टाकला आणि बाजारात ऑइल इंजिनं दुरुस्त करणाऱ्याच्या लेथवर नेऊन आतून तासून आणला. मग त्याची नेहमीची परीक्षा. ड्रम तारेनं निंबाच्या फांदीला टांगायचा आणि पान्यानं तीन ठोके मारायचे. धड असला तर घंटेसारखा वाजतो, तडकलेला असला तर नुसता थड करतो. आमचा ड्रम असा खणखणीत वाजला की गॅरेजच्या मागची शाळा सुटली.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. आवाजात फारसा फरक नव्हता. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते आणि पोरं दप्तरं घेऊन रस्त्यावर. मिस्त्री चाक चढवून नट कसत होता तेवढ्यात हेडमास्तर आले. घामाघूम, हातात छडी.

"मिस्त्री, चौथीचा अख्खा वर्ग घरी गेला! हे तुमचं तिसऱ्यांदा झालं!"

"माह्या ड्रमनं कोनाले जा म्हटलं? तीन ठोक्याइत पोराइले घर आठोते, तं तुमी शिकवून काय राह्यले, थे पाहा ना!"

"पोरांचं काय, ती अजाण आहेत!"

"आन् मास्तर? दोन मास्तर मी सोता पाह्यले कुंपनावरून उड्या मारतानी!"

मी पोट धरून बसलो. भांडण चांगलं पाव तास रंगलं. हेडमास्तर छडी हवेत फिरवत होते, मिस्त्री मान वळवून तोंड चालवत होता आणि त्याचे हात चाकावर आपलं काम करत होते. हेडमास्तर गेले, मी गाडी काढली, ब्रेक लोण्यासारखा लागला.

मिस्त्री खोटं बोलत नाही अशी त्याची त्या भागात ख्याती होती, असं म्हणता येणार नाही, बदनामी होती. एका पुढाऱ्यानं चार कार्यकर्त्यांदेखत विचारलं, "कशी काय वाटते आमची जीप?" मिस्त्री म्हणाला, "चांगली हाय. पन सुरू झाली का थांबत नाही, तुमच्या भाषनासारखी." पुढारी पुन्हा आला नाही. गिऱ्हाईक टिकवायचं तर कुणी इतका नाठाळपणा करू नये असं मला तेव्हा वाटायचं, आणि लवकरच तो नाठाळपणा माझ्याच गळ्याशी येणार होता.

कारण पंधरा दिवसांत थरथर परत आली. केनवडहून हरभरा घेऊन येत होतो, आणि उतारावर पेडलनं पुन्हा लाथा मारायला सुरुवात केली. शेटजींना सांगितलं. ते आपल्या त्या शांत आवाजात म्हणाले, "मिस्त्रीनं तं ड्रम गोल करून देल्ला. रस्ता तोच, गाडी तीच. मंग राह्यलं काय? तुहा पाय."

मी हौद्यातली पोती उतरवायला वळलो.

"उद्या मी येतो तुह्यासंगं शेलूले. मिस्त्री म्हनला का डायवरची चूक हाय, तं तू तिथूनच घरी जाजो. मी दुसरा पाहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेलूबाजारला पोचलो. उतरताना शेटजींनी चाबी माझ्याकडून मागून घेतली आणि ओळखीच्या एका पेढीवर जाऊन बसले. "काम झालं का निरोप धाडा," एवढंच म्हणाले. गॅरेजमध्ये मी आणि मिस्त्री दोघंच उरलो. शेटजी काय म्हणालेत ते मी त्याला सांगून टाकलं. तो "हूं" म्हणाला आणि चाकापाशी बसला.

आता, नट कसण्याचा त्याचा एक कडक नियम होता. ओळीनं कसायचे नाहीत. एक कसला की एक सोडून पुढचा, आणि सगळे थोडे थोडे करत, म्हणजे ड्रमवर सगळीकडून सारखा जोर बसतो. एका अंगानं आवळला की तो वाकडा होतो. ओळीनं नट कसणाऱ्या ड्रायव्हरांना तो म्हणायचा, "प्रदक्षिणा घालाची असंल तं देवळात जा." आमच्या चाकाचे पहिले दोन नट सोडवायला त्याला पान्यावर उभं राहावं लागलं. उरलेले तीन बोटांनी निघाले.

"हे कोनं कसले बे? वाटेत पंक्चर झालं होतं काय?"

"नाई. त्या दिवसापासून हे चाक उघडलंच नाई."

"मंग कसले कोनं?"

"तुमीच," मी म्हणालो. "हेडमास्तर आले होते त्या दिवशी."

त्याच्या हातात नट होता. तो हातात तसाच राहिला. मिस्त्री खाली मातीत बसला आणि त्यानं पाचही नट समोर मांडले. खरं सांगतो, मला मनातून आनंद झाला. माझी नोकरी वाचली असंच मला वाटलं.

मग त्यानं ड्रम ओढून काढला, उजेडात धरला आणि आतून अंगठा फिरवला. आत निळे-काळे डाग पडले होते.

"याले पानी पाजलं काय तू?"

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. केनवडच्या वाटेवर एक लांब उतार लागतो आणि उताराच्या पायथ्याशी ओढा आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली असते. उन्हानं लाकूड सुकतं, धाव ढिली होते, म्हणून वाटेत पाणी दिसलं की गाडीवान चाकं पाण्यात घालतो आणि लाकूड फुगू देतो. हे मला बापानं शिकवलं होतं. मी पण दर खेपेला उतार उतरलो की पिकअप थेट ओढ्यात घालायचो. चाकांतून चर्र आवाज यायचा, वाफ निघायची. आपण गाडीची किती काळजी घेतो असं वाटून मला अगदी समाधान व्हायचं.

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. "तापल्या तव्यावर गार पानी मारून पाह्यलं कधी? तवा कसा टन्नकन वाकते?"

"बाप म्हने..."

"बापाच्या गाडीले लाकडाचं चाक हाय बे! याच्यात लाकूड असंल तं फक्त चालवनाराच्या डोक्यात हाय!"

तेव्हा मी ते बोललो. आज आठवलं तरी कान तापतात. मी त्याच्या जवळ उकिडवा बसलो आणि हळूच म्हणालो, "मिस्त्री, पान्याचं शेटजीले सांगू नोका. मी नटाचं सांगत नाई. कोनालेच सांगत नाई. तुमचंबी नाव राह्यते, माहीबी नोकरी राह्यते."

मला शिव्यांची अपेक्षा होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं हात पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माह्या चुकीची लाज मले हाय. थे तुह्या खिशात काहून ठेवू?" आणि ड्रम खांद्यावर टाकून लेथकडे निघून गेला.

तो परत येईपर्यंत तासभर मी त्या पाटीखाली बसून होतो. पळून जावं असंही एकदा मनात आलं, पण चाबी शेटजींकडे होती आणि एस.टी. यायला वेळ होता. मिस्त्री आला, ड्रम बसवला, चाक चढवलं आणि नट कसायला लागला. एक, मग एक सोडून पुढचा, पुन्हा फिरून थोडा थोडा. शाळेतल्या पोरासारखा तोंडानं मोजत होता. फांदीला टांगून ठोके मात्र त्यानं चार वाजून शाळा सुटल्यावरच मारले होते, चाक चढवण्याआधी.

निरोप गेला, शेटजी आले. त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असे, त्यामुळे घाईत होते. तरी मिस्त्रीनं चहा मागवलाच आणि बशी त्यांच्या हातात दिली. माझ्या हाती घटकाभर चाबी आली. मी गाडी वेगात आणली, "दाब" ऐकलं आणि दाबला. चहाचा एकही थेंब धोतरावर पडला नाही. परत गॅरेजसमोर उतरल्यावर शेटजींनी हात पुढे केला. मी चाबी त्यांना दिली.

"आता सांगा मिस्त्री," शेटजी म्हणाले, "चूक कोनाची?"

टपरीवरची चार-सहा माणसं नेहमीप्रमाणे तमाशा पाहायला सरकली. मी खाली पाहत होतो.

"चूक तिघाइची हाय," मिस्त्री म्हणाला. "पयली माही. मी भांडनाच्या नादात नट ओळीनं कसले. दोन आवळले, तीन ढिले ठेवले. येवढे वर्सं लोकाइले शिकवलं आन् सोताच प्रदक्षिणा घातली. दुसरी याची. तापलेला ड्रम यानं ओढ्यात घातला, बैलगाडीचं चाक समजून."

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. माझे पाय खरोखरच थरथरत होते, त्यांचं म्हणणं आता तरी खरं ठरलं.

"आन् तिसरी तुमची, शेटजी."

"माही?"

"गाडीच्या ताकदीपरीस जास्त पोते भरता तुमी. उताराले सगळं वज्जन ब्रेकवर येते. ड्रम असा तापते का भाकर भाजावी. तापलाच नसता तं पान्यानं काय झालं असतं? आता काढाचंच म्हनसान तं याले काढा. मंग मले या बाजारातून काढा, आन् तुमी पेढीवरून उठा. तिघंबी बकऱ्या चारू. बकरीले ब्रेक नसते."

टपरीवरचे लोक खदखदून हसले. शेटजी हसले नाहीत.

"मी तुमच्यावर इस्वास ठेवून गाडी आनली होती, मिस्त्री."

"म्हनूनच सांगतलं."

शेटजी चाबी मुठीत धरून उभे राहिले. एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा हौद्याकडे. मग त्याच शांत आवाजात त्यांनी विचारलं, "किती पोते कमी करू?"

"पाच."

"बरं." त्यांनी चाबी माझ्या हातावर ठेवली. "चाल. दिवस बुडाच्या आत घरी पोचलं पाह्यजे. आन् वाटेत कुठीच पान्यात घालू नोको."

मी गाडी सुरू केली. रडू येत होतं आणि शेटजी शेजारी बसल्यामुळे येऊ देता येत नव्हतं. मिस्त्री माझ्या बाजूला आला, दारावर हात टेकवून खाली वाकला आणि मलाच ऐकू येईल अशा बेतानं म्हणाला, "थे नटा-पान्याच्या सौद्याचं मी सांगतलं नाई. थे काई ब्रेकचं काम नोहोय. थे तूच सांगजो त्याइले."

ही गोष्ट चार दिवसांत मालेगावपर्यंत पोचली. मिस्त्रीनंच नट ओळीनं कसले म्हटल्यावर काही ड्रायव्हर दुसरीकडे जायला लागले. हेडमास्तर तर रोज मधल्या सुट्टीत यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, आमच्या चौथीच्या पोरांनासुद्धा एक सोडून एक मोजता येतं हो!" मिस्त्री त्यांना बसायला पत्र्याचा डबा द्यायचा आणि म्हणायचा, "धाडा मंग एखाद्याले, मले शिकवाले." गेलेले ड्रायव्हर हळूहळू परत आले, सगळे नाही.

मी त्या पिकअपवर पुढे बरीच वर्षं राहिलो. केनवडच्या वाटेवर शेटजी शेजारी असायचे, पोती पाच कमी असायची, आम्ही दोघं तासन् तास बोलायचो. त्यांच्या मुलीचं लग्न, माझ्या बापाचं दुखणं, भाव, पाऊस, सगळं. मिस्त्री कधी भेटला तर विचारायचा नाही, नुसता पाहायचा, आणि मी मान हलवून नाही म्हणायचो. शेटजी वारले तेव्हा त्यांना शेवटचं न्यायला दारापर्यंत गाडी मीच नेली. ते सौद्याचं मात्र त्यांना सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.